कागदावरची मालकीण

४ फेब्रुवारी, मंगळवार

मला गाडी चालवता येत नाही. हे आज मी हवालदाराला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्याने तोच कागद पुढे सरकवला. "मालक म्हणून नाव तुमचं. पत्ता तुमचा. सही तुमचीच ना?"

माझीच.

सकाळी लेकीची वेणी घालत होते, तेवढ्यात बेल. दारात पोलीस! समोरच्या काकूंनी दार किलकिलं केलं ते शेवटपर्यंत लावलंच नाही. रविवारी संध्याकाळी पुलाच्या उतारावर राखाडी गाडीने एका सायकलवाल्याला उडवलं. माणूस शुद्धीवर आहे, पण डाव्या पायाचं काही खरं नाही, हवालदार म्हणाला.

हे ओल्या डोक्यानेच बाहेर आले. "आपली कुठली गाडी?"

आणि मग मला आठवलं.

डिसेंबरची गोष्ट. वर्ष संपत आलेलं, आमच्या गाड्यांच्या शोरूमचं टार्गेट थोडक्यात हुकत होतं. मॅनेजरसाहेबांनी स्टाफच्या नावावर गाड्या नोंदवल्या. विकल्या म्हणून दाखवायच्या आणि नंतर त्याच गाड्या 'नोंदणी झालेली, पण कोरी करकरीत' म्हणून गिऱ्हाइकाला कमी भावात द्यायच्या. "सगळीकडे चालतं हो." कागदांचं टेबल माझं, फॉर्म मीच भरले. माझ्या नावावर एक राखाडी. चहा करणाऱ्या मावशींच्या नावावर एक. मावशींनी विचारलंही, "कशाची सही गं?" मी म्हटलं, "करा हो मावशी, काही होत नाही."

काही होत नाही!

५ फेब्रुवारी, बुधवार

राखाडी गाडी अठरा जानेवारीला विकली गेली. चावी मीच दिली होती. मालक बदलायचे फॉर्म गिऱ्हाइकाने त्याच दिवशी सही करून दिले. मी ते साहेबांच्या टेबलावर ठेवले. आज विचारलं, पुढे काय झालं? त्यांनी ड्रॉवर उघडला. तिथेच होते! वर स्टेपलरची डबी.

"एकेक फॉर्म घेऊन कुठे माणूस पाठवायचा? दहा-बारा जमले की एकदम पाठवतो आपण. तुम्ही एवढ्या घाबरताय कशाला?"

म्हणजे नोंदीत मालक मी. विम्याची पॉलिसीही माझ्याच नावाची, आणि तीही बदललेली नाही. विमा कंपनीला फोन लावला. पलीकडे एक मुलगी, आवाज इतका गोड की रडूच आलं. "मॅडम, गाडी विकल्याचं तुम्ही मुदतीत कळवलं नाहीत. क्लेम बसणार नाही."

मला तर हे कळवायचं असतं हेच... नाही. खोटं कशाला लिहू? मला माहीत होतं. रोज गिऱ्हाइकांना त्या नियमाचा कागद मीच देते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ज्यांनी गाडी घेतली ते आले. चित्रकलेचे शिक्षक, पन्नाशी उलटलेले. शोरूममध्ये सगळे त्यांना 'मास्तर' म्हणत, कारण घासाघीस करताना त्यांनी वहीत गाडीचं चित्र काढून दाखवलं होतं. आयुष्यातली पहिली गाडी. बायकोचे गुडघे गेलेत, बस चढवत नाही, म्हणून घेतली.

आज ते ओळखू येत नव्हते. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात.

"ताई, उन्हाची तिरीप थेट डोळ्यांवर आली. तो दिसलाच नाही हो मला. मी थांबलो, पळालो नाही. मीच त्याला दवाखान्यात नेलं." मग हळूच म्हणाले, "मी तुम्हाला विचारलं होतं ना, विमा आहे ना म्हणून?"

विचारलं होतं. आणि मी म्हटलं होतं, "आहे सर, गाडीबरोबरच आहे." कागद कधी नावावर होतील? "आठवडाभरात." हसून सांगितलं होतं मी हे सगळं!

त्यांच्या नावाचा विमा नाही. माझ्या नावाच्या विम्यातून कंपनीने हात झटकले. मग त्या माणसाच्या पायाचं कोण बघणार?

८ फेब्रुवारी, शनिवार

दवाखान्यात गेले. ह्यांना न सांगता.

तो गवंडी आहे, भिंतींना गिलावा करतो. वॉर्डाबाहेरच्या बाकावर त्याची बायको बसली होती, मांडीवर त्याच्या चपला. दोन्ही. एकीचा अंगठा तुटलेला.

"तुम्ही कोण?"

"गाडी... माझ्या नावावर आहे."

"तुम्ही चालवत होतात?"

"नाही."

"मग तुम्ही का आलात?"

काय सांगणार? तिने बाकावर सरकून जागा केली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"डॉक्टर म्हणतात रॉड घालायला लागेल," ती म्हणाली. "हा आतून मला समजावतोय, कमरेपर्यंतची भिंत बसून करता येते म्हणून. वरची कोण करणार, ते सांगत नाही."

घरी येऊन चपाती जळली. लेक म्हणाली, असू दे, मी खाईन.

९ फेब्रुवारी, रविवार

काही नाही. दिवसभर काहीच नाही. बेल वाजली की आधी खिडकीतून बघते. दूधवाला होता.

११ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मास्तर आधीच बसलेले, मान खाली. टेबलावर टाइप केलेला कागद.

साहेब आज फार गोड. "बघा, एक ओळीचं काम आहे. गाडी विकलीच नव्हती. तुमचीच. मास्तर तुमच्या ओळखीचे, दोन तासांसाठी तुम्ही त्यांना चालवायला दिलीत. झालं! मालक तुम्ही, पॉलिसी तुमची. कंपनीला भरावंच लागेल. गवंड्याचं ऑपरेशन होतंय, मास्तर सुटतायत. कुणाचं वाटोळं होतंय यात, सांगा मला."

मी म्हटलं, "आणि गाडी दिल्याची पावती? तिच्यावर तारीख आहे. मास्तरांची सही आहे."

"ती फाईल आणून द्या मला. बाकी मी बघतो."

मास्तरांनी हात जोडले. माझ्याहून किती मोठे ते! "ताई, मी आयुष्यात कधी खोटं... पण त्या माणसाचा पाय हो."

विचार करते म्हटलं. साहेब म्हणाले, "करा. शनिवारपर्यंत करा. नोकरीचाही करा."

ह्यांना सगळं सांगितलं. आधी भडकले. "एक सही करून बसलीस, आता दुसरी?" मग म्हणाले, "पण नोकरी गेली तर?"

मी सही केली तर त्याला पाय मिळतो. नाही केली तर मी सच्ची आणि तो लंगडा. देवा, हे कसलं गणित! आणि उद्या खोटं उघडं पडलं तर? तर सगळंच माझ्या गळ्यात. गाडी माझी, मीच दिली, मीच लिहून दिलंय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लेक विचारते, "आई, तू तुरुंगात जाणार का?" काकूंचा नातू तिच्याच वर्गात आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सही करणार. ठरलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नाही केली. पेन हातात घेतलं होतं. साहेबांना फोन आला, ते बाहेर गेले आणि मी तो कागद उचलून सरळ रस्त्यावर. कुठे जातेय तेही माहीत नव्हतं. चष्म्याच्या दुकानावर वकिलीणबाईंची पाटी दिसली, जिना चढले.

बाई डबा खात होत्या. म्हणाल्या, "बसा. मी खाते, तुम्ही बोला." मी बोलले. मध्येच रडले. त्यांनी पाण्याचा तांब्या सरकवला आणि कागद वाचत राहिल्या.

मग म्हणाल्या, "तुम्हाला कुणी सांगितलं, खोटं लिहिल्याशिवाय त्याला पैसे मिळणार नाहीत म्हणून?"

"कंपनीच म्हणाली."

"कंपनी आधी नाहीच म्हणते. अर्धे लोक तिथूनच परत जातात." त्यांनी हात धुतले. "नीट ऐका. रस्त्यावर ज्याला लागलं, त्याच्यासाठी विमा गाडीच्या मागे जातो. मालक बदलला, कळवायचं राहिलं, म्हणून त्या माणसाचा हक्क जात नाही. कोर्टात भांडावं लागेल, पण मिळेल. मास्तरांच्या गाडीचं नुकसान मात्र गेलं. त्यावर पाणी सोडा म्हणावं."

मी विचारलं, "मग तो कागद कुणासाठी?"

"ज्याच्या ड्रॉवरमध्ये फॉर्म पडून होते त्याच्यासाठी."

किती सरळ! आणि माझ्या डोक्यात आलंच नाही. साहेब गवंड्याचा पाय पुढे करत होते आणि मी पायाकडेच बघत होते.

"आणि मी सुटेन?"

"नाही. नोंदीत नाव आहे तोवर कायद्याला मालक तुम्हीच. खटल्यात तुमचं नाव राहणार, तारखांना यावं लागणार. पण खरं बोललात तर नुसत्या मालक. खोटं लिहिलंत तर गुन्हेगार." जिन्यापर्यंत आल्या. "ती पावती जपा."

१५ फेब्रुवारी, शनिवार

साहेब यायच्या आधी पोचले. फाईल काढली. झेरॉक्स मशीनने नेमका आजच कागद अडकवला! झाकण उघडेना. मावशी आल्या, मशीनला एक थापटी मारली, सुरू.

दुसरी प्रत निघत होती तेवढ्यात मागून आवाज. "काय काढताय?"

"पावती, साहेब. मी दुसरा कागद लिहून देणार नाही."

वाटलं, ओरडतील. ओरडले नाहीत. फाईल माझ्या हातातून अलगद घेतली. "आपण तुम्हाला घरच्यासारखं मानलं." मग, "उद्यापासून येऊ नका." उद्या रविवार होता. त्यांच्याही लक्षात आलं, म्हणाले, "सोमवारपासून."

पहिली प्रत डब्याच्या पिशवीत आधीच ठेवली होती. डबा उचलला, निघाले. मावशी फाटकापर्यंत आल्या. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. म्हटलं, "मावशी, तुमच्या नावावरही एक गाडी आहे. ती सही मी चुकीची घेतली." मग म्हणाल्या, "मास्तरांना तू चावी दिलीस तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी होते. विचारलं तर सांगेन."

आत जाताना त्यांनी पदर खोचला. उद्या त्यांचीही नोकरी जाईल. माझ्यामुळे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

जबाब दिला. त्याच हवालदाराने लिहून घेतला. मास्तरांना काल फोनवर सगळं सांगितलं होतं. आज ते स्वतः चौकीत आले. म्हणाले, "गाडी माझी. चालवत मी होतो." त्यांच्यावर गुन्हा राहणारच. बाहेर पडताना म्हणाले, "बरं वाटतंय ताई. वाईट वाटतंय आणि बरंही."

मला नुसतं वाईट वाटतंय.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

अकरा ठिकाणी अर्ज. एके ठिकाणी विचारलं, आधीची नोकरी का सोडली? सांगितलं. कळवतो म्हणाले.

हे जेवताना म्हणाले, "भाजी छान झालीय." मीठच नव्हतं तिच्यात.

११ एप्रिल, शुक्रवार

वकिलीणबाईंचा फोन! कंपनीने कोर्टात मान्य केलं. गवंड्याच्या उपचाराचा खर्च आत्ता देणार, बाकीची भरपाई कोर्ट ठरवेल. रॉड बसलाय, पाय वाचला. त्याच्या बायकोला फोन केला तर म्हणाली, काल तो काठी टाकून भिंतीला धरून उभा राहिला आणि पहिलं काय केलं, तर दवाखान्याच्या गिलाव्याला नावं ठेवली!

हसले. किती दिवसांनी हसले मी! ह्यांना फोन केला, लेकीला जवळ घेतलं. आता एकच काम उरलं. नोंदणी कार्यालयात जाऊन त्या गाडीवरून माझं नाव काढायचं. मंगळवारी जाईन.

१५ एप्रिल, मंगळवार

खिडकी नंबर सात. माझ्या ओळखपत्राचा नंबर टाकून कारकून पडद्याकडे बघत राहिला. "कुठल्या गाडीवरून नाव काढायचंय?"

"राखाडी."

"बाई, राखाडीच तीन आहेत. सगळ्या मिळून नऊ."

सही मी एकदाच केली होती.