जिआओनान आता शहर राहिलेलं नाही

बाबा,

मालवणच्या शाळेत तुम्ही आम्हाला भूगोल शिकवायचात, ते वर्ष आठवतंय. जिल्हा तुटून सिंधुदुर्ग नुकताच वेगळा झाला होता आणि मी पेपरात ‘मालवण, जिल्हा रत्नागिरी’ लिहिलं. पुस्तकात तसंच होतं. तुम्ही भर वर्गात माझा पेपर वर धरलात. "पुस्तक जुनं आहे, कबूल. पण आपण राहता कुठे, एवढं तरी ठाऊक असू द्या!" पोटच्या मुलीला ‘आपण’ म्हणालात, तेच जास्त लागलं.

आता मी जर्मनीत, झिंडेलफिंगेनजवळच्या एका लहान कारखान्यात आहे. यंदा, २०१३ च्या मार्चमध्ये, आमचं एक यंत्र चीनमधल्या चिंगदाओ बंदराकडे निघालं. कागदांवर पत्ता जिआओनान शहराचा, सही माझी. आमच्याच विभागात तिथली एक मुलगी नवीन लागलेली, अजून प्रोबेत्साइटमध्ये, म्हणजे नोकरी कच्चीच. कँटीनमध्ये तिनं मला एकदा कागदी रुमालावर आपली खाडी काढून दाखवली होती: अरुंद तोंड, पूर्वेला जुनं शहर, पलीकडे ह्वांगदाओ, त्याच्या खाली जिआओनान. तिची पणजी घर न बदलता आधी जर्मन अमलात राहिली, मग जपानी, मग चिनी. तुम्ही असतात तर तिला जेवू दिलं नसतंत, इतके प्रश्न विचारले असतेत.

फेब्रुवारीत तिनं मला मेल केली होती: जिआओनान शहर सरकारनं मोडलं, ते आता ह्वांगदाओ जिल्ह्यात गेलं, पत्ता बदला. मी वाचली, उद्या बघू म्हटलं, आणि विसरले. मे महिन्यात यंत्राची पेटी जुन्या पत्त्यामुळे बंदरात अडकली.

मीटिंगमध्ये साहेब विचारतात, "हा पत्ता कोणी तपासला?" मग ते तिच्याकडे वळतात. "आल्झो," म्हणजे ‘तर मग’, "तू तिथलीच ना? तुला ठाऊक असायला हवं होतं." ती माझ्याकडे बघते. मी वहीत काहीतरी लिहीत राहते.

असे तीन दिवस गेले. शुक्रवारी कळलं, तिला काढायचं चाललंय. तशीच उठले, साहेबांच्या खोलीत गेले. "चूक माझी आहे. तिनं मला वेळेवर कळवलं होतं."

"मग तीन दिवस गप्प का बसलीस?"



तिची नोकरी राहिली. माझा सहीचा अधिकार गेला. ती अजून ‘हालो’ म्हणते, पण जेवायला दुसऱ्या टेबलावर बसते. घरी सगळं सांगितलं, तर लेक जर्मनमध्येच म्हणाली, आई, तू धीराची आहेस. मी ऐकून घेतलं.

पण बाबा, पुढच्या सोमवारी साहेब त्या पेटीच्या सगळ्या मेल उघडून बघणार होते, आणि हे मला कबुलीच्या आदल्या दिवशी, गुरुवारीच कळलं होतं. घरात कोणाला हे ठाऊक नाही. तुम्ही असतात तर पत्र नक्की धाडलं असतं, एवढा शेवटचा मजकूर गाळून.