दोन बोटं झोळ

अण्णा, मी रणगाडा चालवते. हसू नका. खेळण्यातला म्हणावं तर आईच्या लग्नातल्या ट्रंकेएवढा आहे आणि टेम्पोतून उतरवायला दोन माणसं लागतात. लोखंडी पट्टे, आत मोटारी, माझ्या हातात रिमोट. दिवाळी झाली की महाशिवरात्रीपर्यंत दर रविवारी सकाळी आम्ही कर्वेनगरमागच्या टेकडीखाली जमतो. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात मोटारी तापतात, म्हणून हा उद्योग थंडीतलाच. बाकी सगळे पेन्शनीतले पुरुष. मफलर गुंडाळून थर्मासातला चहा पितात आणि एकमेकांच्या गाड्यांत खोट काढतात. बाई मी एकटी. पहिल्याच रविवारी एकानं विचारलं, "ताई, मिस्टरांना न्यायला आलात का?" म्हटलं, "नाही, तुम्हाला हरवायला आले." तेव्हापासून माझ्याशी जपून बोलतात.

तुम्ही गेल्यावर मी कसब्यात शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान टाकलं. तिथे एकदा एक रिटायर कर्नलसाहेब झिजलेली दातेरी चकती घेऊन आले. दुकानात इकडेतिकडे बघत म्हणाले, "कारागीर कधी येईल?" मी म्हटलं, "समोर बसलाय. काम बोला." चकती बनवून दिली, ती चालते का बघायला मी रविवारी मैदानावर गेले, आणि तिथेच अडकले. त्यांचा रणगाडा एका दगडावर चढत होता. पट्ट्याची एकेक कडी दगडाला धरत होती, सोडत होती. तो खडखडाट ऐकला आणि मला आपली येरवड्याची मोरी दिसली. तुम्ही वर्कशॉपातून आलेले, रॉकेल आणि धुण्याच्या पावडरीनं हात घासताय, आणि आई आतून ओरडतेय, "पुरे हो, कातडी निघेल." नखातलं ग्रीज तरी कधी गेलं नाही. तुमच्या हातून भाकरी घेतली की मी हुंगून बघायची. मला तो वास आवडायचा. आणि त्याच वासाची मला लाजही वाटायची, हे तुम्हाला ठाऊक होतं.

चौथीत असताना मी वर्गात सांगितलं होतं, माझे वडील रणगाडा चालवतात. खडकीला पट्टे बसवणारे फिटर आहेत असं सांगायला तोंड उघडेना. एका मुलीचा बाप तुमच्याच वर्कशॉपात कारकून होता, त्यामुळे चार दिवसांत गोष्ट तुमच्यापर्यंत आली. तुम्ही जेवायला बसलात, पहिला घास खाल्लात आणि विचारलंत, "मी काय चालवतो म्हणे?" मी खाली मान घातली. तुम्ही म्हणालात, "सायकल चालवतो मी. तेवढंच सांगायचं." आणि दुसरा घास घेतलात. थोबाडीत दिली असतीत तर परवडलं असतं.

त्या वर्षी खंडेनवमीला तुम्ही मला बरोबर नेलंत. एरवी आत कुणाला सोडायचे नाहीत, पण त्या दिवशी हत्यारांची पूजा असायची आणि घरचे लोक यायचे. शेडमध्ये रणगाडा उभा आहे, पट्ट्याला झेंडूची माळ आहे, पान्यांना हळदकुंकू लावलंय. मी म्हणते, "अण्णा, वर चढा की." तुम्ही म्हणता, "ते आपलं काम नाही." मी विचारते, "चालू गाडीत कधी बसलाच नाहीत?" तुम्ही मान हलवता. "मी पट्टा बसवतो, ते घेऊन जातात. फाटकापर्यंत आवाज ऐकू येतो." मग माझा हात धरून पट्ट्याच्या वरच्या बाजूवर ठेवता. एवढ्या अवजड लोखंडाला मधे जरासा झोळ आहे. "हा बघ. ताणून बसवला की घट्ट वाटतो, पण चढावर गाडी स्वतःशीच भांडते. दोन बोटं झोळ ठेवावा लागतो." मी दहा वर्षांची, मला काय कळणार. मला वर चढायचं होतं.

तर माझा रणगाडा. तीन हिवाळे लागले. पत्रा मी कापला, चाकं मी घासली. सगळ्यांच्या गाड्यांत चालकाच्या झाकणातून एक पुतळा डोकं काढून असतो. मीही केला, लाकडाचा. नाक तुमचं, बसकं. डोक्यावर तुमच्या माकडटोपीच्या लोकरीची टोपी विणून घातली, तीच उसवलेली विटकरी लोकर. कर्नलसाहेबांनी वाकून बघितलं. "ही कुठल्या रेजिमेंटची टोपी?" मी म्हटलं, "येरवड्याची." ते हसले. "कोण आहेत हे?" आणि अण्णा, बावन्न वर्षांची बाई मी, दुकानात चार पोरांना दरडावणारी, माझ्या तोंडून निघालं, "माझे वडील. रणगाडा चालवायचे." बास. मैदानभर झालं. रणगाडेवाल्याची मुलगी म्हणून मला मान मिळायला लागला. लोक विचारायचे, कुठे होते, कुठली गाडी. मी टोलवायची. दर रविवारी भीती, आज कुणीतरी पकडणार.

आणि पकडलीच गेले असते. मैदानाच्या कडेला एक चढ आहे, मुरमाड, मधे खडक वर आलेला. तिथे वळताना माझ्या गाडीचा पट्टा चाकांवरून निसटायचा. मला दम कुठला. पान्यानं मागच्या चाकाचा नट आवळला, परत आवळला, पट्टा तारेसारखा केला. त्या रविवारी थंडी अशी की पाना हातात धरवेना. गाडी निम्म्या चढावर गेली, कुंथली, थांबली. मोटारीतून जळका वास यायला लागला. सगळे जमले. कर्नलसाहेब गुडघ्यावर बसले, पट्ट्यावर बोट मारून बघितलं आणि म्हणाले, "ताई, फार ताणलाय हो. तुमचे वडील चालवायचे ना? मग हे त्यांनी सांगितलं असेल तुम्हाला."

सांगितलं होतं की. हात धरून सांगितलं होतं.

मी म्हटलं, "चालवत नव्हते. फिटर होते. खडकीला पट्टे बसवायचे, जन्मभर. मी खोटं बोलले." रागानंच बोलले, जशी नेहमी बोलते तशी. कुणीतरी खोकलं. कर्नलसाहेब उठले, पँटची धूळ झटकली. "अहो, मग आधी सांगायचं. चालवणारे आम्ही पुष्कळ होतो. पट्टा सुटला की हाताची घडी घालून फिटरची वाट बघायचो. कधी एकदा येतोय असं व्हायचं." एवढं बोलून त्यांनी पाना माझ्या हातात दिला आणि चहा ओतायला गेले.

मी खाली मुरमावर मांडी घातली आणि नट सैल केला. वरच्या बाजूला दोन बोटं ठेवून बघितली. गाडी लहान, दोन बोटं जास्त झाली, एकावर आणलं. मोटार निवेपर्यंत तिथेच बसले. मग रिमोट उचलला. गाडी खडकापाशी आली, पट्टा जरा डुलला, कडी धरली, दुसरी धरली, आणि गेली वर. आरडाओरडा झाला, मफलर उडवले म्हाताऱ्यांनी. मी नुसता पट्ट्याचा खडखडाट ऐकत होते.

तुम्हाला झाकणातून मी त्याच सकाळी काढलं. खोटं ते खोटं. दुकानात मशीनच्या डब्याशेजारी ठेवलं, हातात तारेचा छोटा पाना दिला. आलेगेले विचारतात, मी सांगते, फिटर आहेत. आता लाज वाटत नाही, छान वाटतं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये राहील. पण एक सांगायचं राहिलं. गेल्या रविवारी सगळे गाड्या आवरून गेले, मैदानावर मी एकटीच. तुम्हाला पिशवीतून काढलं, पान्यासकट झाकणात बसवलं, माकडटोपी कानांवर ओढली आणि त्या चढावरून एक चक्कर मारून आणलं. हळू चालवली, अण्णा.