ढिगाची उभी कड

झ्वोले, १९ मे

तीर्थरूप बाबांस,
येत्स्केचा शि. सा. न. वि. वि.

फोनच करणार होते, पण पोकलेन चालवून चालवून तुमचे कान गेलेत. मी ओरडते, तुम्ही नुसतं हं हं करता आणि सगळं कळतं ते शेजाऱ्यांना. म्हणून लिहिते. बातमी चांगली नाही. आईला आत्ताच सांगू नका.

येशूच्या स्वर्गारोहणाच्या सुट्टीआधी पहिल्या ओळीतल्या घरांचं छप्पर चढलं. झेंडा लागला आणि रीतीप्रमाणे कंपनीने सगळ्यांना कौलांची बिअर पाजली. सुट्टीवर जाताना वाळूच्या ढिगाची कड उतरती करून जायची, हे तुम्हीच पोकलेनवाल्या रूलोफला शिकवलेलं. त्या आनंदात तो पोकलेनवर चढलाच नाही. आणि साइटची सुपरवायझर म्हणून जिने बघायचं, त्या माझ्याही हातात बाटली होती. सोमवारी येऊन बघते तर उभ्या कडेला भोकंच भोकं! नदीच्या उभ्या काठात बिळं करून राहणाऱ्या पाकोळ्या. सुट्टी संपायच्या आत अख्खी वस्ती केली हो त्यांनी.

कंपनीची निसर्गतज्ज्ञ मिर्टे आली, दुर्बिणीतून बघितलं आणि भोवती फीत बांधून गेली. पिल्लं उडून जाईपर्यंत, म्हणजे ऑगस्ट संपेपर्यंत, ढिगाला कोणी हात लावायचा नाही. कायदाच आहे. आणि बाबा, तो ढीग नेमका शेवटच्या ओळीच्या जागेवर आहे. बैठ्या घरांच्या. तुमच्या. ऑक्टोबरात चावी देते म्हणाले होते, आता वसंतापर्यंत नाव काढू नका.

जेवण गोड लागत नाहीये. सारखी त्या ढिगाकडे जाऊन उभी राहते आणि परत येते. हवं तेवढं रागवा, पण माया आटू देऊ नका.

आपली,
येत्स्के

हाटेम, २२ मे

चि. येत्स्के हिस अनेक आशीर्वाद.

रूलोफला सांग, दिसला की कान उपटीन. तुझे उपटायला तू आता मोठी झालीस.

तुझ्या आईला अजून बोललो नाही. काय बोलू? हिवाळ्यात जिन्यावरून पडल्यापासून ती पुढच्या खोलीत सोफ्यावर झोपते. आंघोळीला वर जायचं तर पायरीवर उलटी बसते आणि एकेक पायरी मागे सरकत जाते. मी खालून हात धरून उभा. वर पोचली की म्हणते, शिखर सर केलं. मग दार लावून नळ सोडते. कान गेले असले तरी मला डोळे आहेत. बाहेर येते तेव्हा तिचे लाल असतात.

तेव्हा ऐक. अजून अंडी घातली नसतील. रविवारी तुझ्या साइटवर काळं कुत्रं नसतं. माझं जुनं पोकलेन अजून तिथेच आहे आणि त्याची किल्ली निवृत्त होताना माझ्या खिशात राहिली ती राहिलीच. बादलीचे दोन-चार हात मारले की कड उतरती. पाकोळ्या जातील नदीवर. तू येऊ नकोस, तुला काही माहीतही नाही.

उत्तर लवकर पाठव. जीव टांगणीला लागलाय.

तुझा,
बाबा

झ्वोले, २६ मे

तीर्थरूप बाबांस सा. न. वि. वि.

नदीवर जातील म्हणता, पण नदीला कडा राहिल्यात कुठे? सगळा काठ आपल्याच कंपनीने दगडांनी बांधून काढला. तुमच्या शेजारी यंत्रात बसून मी तिथेच डबा खाल्लाय. म्हणून तर त्या बिचाऱ्या आमच्या वाळूत येतात.

हे सगळं मला कळतं. आणि तरी डोळ्यांपुढून आई हलत नाही. उलटी बसून वर सरकणारी. सोन्यासारखी माझी आई!

रविवारी साइटवर कोणी नसतं हे खरं आहे. मी या वेळी मैत्रिणीकडे जाणार आहे. याहून जास्त मी काही लिहिलेलं नाही, आणि हे पत्र शेगडीत टाका.

माझी लाज वाटली तरी दार बंद करू नका.

येत्स्के

हाटेम, १ जून

चि. येत्स्केस आईचे आशीर्वाद.

शेगडीत टाकायचं पत्र ज्यांना चष्मा सापडत नाही त्यांना लिहू नये. तुझ्या बाबांनी ते मलाच वाचायला दिलं. कोणाचं पत्र तेवढं बघ, म्हणाले. बघितलं.

काल मी चर्चला जाईन या हिशेबाने हे कामाचे बूट घालून तयार. मी म्हटलं, आज देवाला राहू दे, मला तुमच्या ढिगाकडे न्या. चेहरा असा पडला त्यांचा! मी घडीची खुर्ची घेतली, कॉफीचा थर्मास घेतला आणि फितीपाशी बसले. हे खिशातली किल्ली चाचपत यंत्राभोवती घिरट्या घालत होते. मी कॉफी ओतत राहिले.

तुला खरं सांगू? मला त्या पाकोळ्यांचा रागच आला. कंत्राटदार नाही, परवाना नाही आणि मुख्य म्हणजे जिना नाही! भुर्रकन आत, भुर्रकन बाहेर. मेल्यांनो, माझं स्वयंपाकघर आहे ते, असं मी मोठ्यांदा म्हटलंसुद्धा. मला ते घर हवंय गं. त्या जिन्याचा मला इतका वीट आलाय की काय सांगू.

पण माझ्या जिन्यापायी तुम्ही दोघांनी गुपचूप हे ठरवलंत आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीत? पडले मी. डोकं शाबूत आहे. दुसऱ्याचं घर पाडून बांधलेल्या घरात मला झोप लागेल, असं तुम्हाला वाटलंच कसं?

किल्ली आता माझ्या पर्समध्ये आहे. मी हिवाळा सोफ्यावर काढीन. पण त्या पाकोळ्या एप्रिलात परत येतील ना, तेव्हा तिथे माझं स्वयंपाकघर असेल. मग त्यांनी कुठे जायचं? कंपनीच्या मालकाला सांग, साइटशेजारच्या तळ्याच्या काठी उभी कड करून दे म्हणावं. ती आधी. माझं घर मागून.

या रविवारी जेवायला ये. वाटाण्याचं सूप करते. रागावले आहे, पण ये.

तुझी,
आई

नवं घर, १७ एप्रिल

चि. येत्स्के हिस अनेक आशीर्वाद.

तळ्याकाठची कड मंजूर करून घ्यायला तू मालकाशी कशी भांडलीस, ते रूलोफने मला रंगवून सांगितलं. कड मात्र मी खोदली, तुझ्या आईने पर्समधून किल्ली काढून दिली तेव्हा. आयुष्यभर कडा उतरत्या केल्या, म्हातारपणी उभी करायला शिकलो.

न्हाणीघर झोपायच्या खोलीला लागून आहे. पहिल्या दिवशी तुझी आई तीनदा आंघोळ करून आली. पण कपांची खोकी काही उघडू देईना. पाकोळ्या आल्या का, एवढंच. दिवसभर खिडकीत. मी म्हटलं, वेडी आहेस, कागदी पेल्यात किती दिवस कॉफी प्यायची?

आज सकाळी आल्या. आणि काय सांगू, तळ्याकडे एकही जाईना. आमच्याच छपरावर, ढीग होता तिथे, गोल गोल फिरत राहिल्या, शोधत. मला बघवेना, मी आत जाऊन बसलो. तुझ्या आईने खिडकी सताड उघडली, अर्धी बाहेर वाकली आणि हात उंचावून ओरडायला लागली, की इथे नाही गं बायांनो, तिकडे, तळ्याकडे, तिकडे! एवढा मोठा आवाज की मलासुद्धा ऐकू आला.

दुपारी एक पाकोळी तळ्याकाठच्या कडेला जाऊन चिकटली. मग दुसरी. उकरलेली वाळू खाली सांडायला लागली.

तुझी आई आता कप काढते आहे. तुझा निळा वर ठेवलाय. ये.

तुझा,
बाबा