दोन स्रोतांशिवाय बातमी नाही

२ नोव्हेंबर, रविवार
कोळशाच्या भट्टीपुढे तीस वर्षं बसलेला माणूस घरी आल्यावर 'एसीच्या वाऱ्याने छाती धरते' म्हणतो, याला काय म्हणायचं? मला माहीत नाही. फिजिक्सची बीएस्सी, घरातली पहिली पदवी, तरी उत्तर नाही.

आबांचा खोकला दिवाळीपासून थांबलेला नाही. डॉक्टर म्हणाले, धूर बंद करा. आबांनी डॉक्टर बंद केला.

तर ठरलं. 'मराठी गलाई परिवार, कोलकाता' या ग्रुपवर दर रविवारी माझा आढावा: तंत्रज्ञान, ऊर्जा, चालू घडामोडी. बडाबाजारात जुनं सोनं गाळणारे आपले सगळे लोक त्या ग्रुपवर आहेत. आबाही आहेत. मुलीने समोर सांगितलेलं ते ऐकत नाहीत, म्हणून चारचौघांत सांगायचं. ज्ञान मिळालं की माणूस बदलतो. महिन्याभरात आमची भट्टी विजेवर. नियम एकच: दोन स्रोतांशिवाय बातमी नाही. चूक झाली तर पुढच्या अंकात जाहीर दुरुस्ती.

अंक पहिला सकाळी आठला पाठवला. फ्यूजन, सोडियम बॅटऱ्या, डेटा सेंटरांची विजेची भूक.

संध्याकाळ. प्रतिसाद एक. समोरच्या दुकानातले दिगंबरकाका. विचारतात, यात आजचा सोन्याचा भाव कुठाय?

९ नोव्हेंबर, रविवार
अंक दुसरा. सुरुवातीलाच दुरुस्ती: गेल्या वेळी मेगावॉटचं गिगावॉट झालं होतं. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. प्रश्न तो नाही.

मुख्य लेख: विजेची इंडक्शन भट्टी. धूर नाही, राख नाही. लेख पडतो न पडतो तोच आमच्याच गल्लीत गलाई करणाऱ्या श्यामसुंदरकाकांनी त्यावर गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ' टाकलं. मढ्यावर चादर टाकतात तसं. त्यांच्या सरलाकाकूंचा आवाजी मेसेज: मंजू, किती लांब लिहितेस गं, सरकवून सरकवून अंगठा दुखला बघ.

अडाणी ग्रुप आहे. पण अडाण्यांसाठीच तर लिहायचं असतं. पुढचा अंक छोटा.

१६ नोव्हेंबर, रविवार
अंक तिसरा. छोटा. चौदाच बातम्या.

जेवताना आबांना सहज विचारलं, आढावा कसा वाटतो. छान असतो म्हणाले. काय आवडलं? ते आपलं... विजेचं, म्हणाले. म्हणजे वाचतात!

लगेच भट्टीचा विषय काढला. आबा म्हणाले, विजेची आच दिसते का? जिचा रंग दिसत नाही त्या आचेवर लोकांचं सोनं ठेवू कसं? एवढं बोलताना दोनदा खोकले. मग म्हणाले, आणि दिगंबरनं घेतली का? नाही ना? मग झालं तर.

दिगंबरकाकांचा इथे संबंध काय? युक्तिवादातला हा दोष पुढच्या अंकात उदाहरणासह समजावणे.

१७ नोव्हेंबर
आई मेथी निवडत होती. म्हणाली, मी सांगू का त्यांना, दिगंबरनं बुक केली म्हणून?

माझा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. खोट्या बातम्यांनी समाजाचं काय होतं, हे तिला सविस्तर सांगितलं. सांगून होईतो तिची जुडी संपली. बरं बाई, म्हणाली, तुझं विज्ञान मोठं.

पटलं तिला.

२३ नोव्हेंबर, रविवार
अंक चौथा. दिगंबरकाकांनी ग्रुपवर मतदान लावलं: 'मंजुषाबाईंची शाळा बंद करावी का?' माणसांची पातळी बघा. एरवी लग्नाच्या पत्रिकेलाही उत्तर न देणारे तुटून पडले. जवळजवळ सगळे 'हो'. एक गोष्ट मात्र सिद्ध झाली: मला वाचकवर्ग आहे.

'नाही'ची मतं दोन. एक माझं. दुसरं, नावं दिसत नसली तरी, आबांचंच.

२६ नोव्हेंबर
न्यू टाउनला ऑफिसात असताना आईचा फोन. आबा भट्टीतून भरलेली मूस उचलत होते. खोकल्याची उबळ आली. हात कलला. वितळलेलं सोनं फरशीवर. चपलेची कड जळाली, पाय वाचला. आई एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

घरी येताच विशेषांक काढला. तीन पानी. अकरा संदर्भ. त्याखाली श्यामसुंदरकाकांचं गुलाबाचं फूल.

३० नोव्हेंबर, रविवार
जिंकले!

सकाळी चहा पिताना आबा म्हणाले, विजेची भट्टी सांगितलीय, पुढच्या आठवड्यात येते. बस्स, एवढंच. मी तोंडावर काही दाखवलं नाही. आत जाऊन नाचले. विशेषांकानेच काम केलं. वस्तुस्थिती नीट मांडली की माणूस झुकतोच.

पुढे: आढाव्याची हिंदी आवृत्ती. मग बंगाली (आधी बंगाली वाचायला शिकणे). मग पुस्तक.

७ डिसेंबर, रविवार
भट्टी आली. आबांनी फोटो काढायला स्वतःचा फोन दिला. फोटो ग्रुपवर टाकावा म्हणून ग्रुप उघडला. म्यूट. कायमचा. माझ्या एकाही अंकाला हात लागलेला नाही.

आबा म्हणाले, अगं, पहिल्याच रविवारी दिगंबरनं करून दिलं ते. सारखा कुकुचकू वाजायचा फोन. मग मतदानातलं ते 'नाही' मत? भट्टी बघायला आलेल्या सरलाकाकू शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, माझं असेल गं, अंगठा चुकीच्या जागी पडला.

मग भट्टी कशी घेतली, आबा? दिगंबरनं घेतली, म्हणाले. मी काय मागे राहू?

समोर बघितलं. दिगंबरकाकांच्या दुकानातून धूर निघत होता. आईकडे बघितलं. ती पदराने नवी भट्टी पुसत होती. मुळीच धूळ नव्हती.

दुपारी दिगंबरकाका आले. भट्टीभोवती फिरले. चंद्रकांत, मला पत्ता लागू दिला नाहीस, आबांना म्हणाले, आणि तिथूनच फोन करून आमच्याहून मोठी मागवली. म्हणजे आईची बातमी खरी ठरली. आठवडाभर उशिरा.

नियमाप्रमाणे दुरुस्ती लिहून ठेवली होती: 'दिगंबरकाकांनी भट्टी घेतल्याचे वृत्त निराधार.' पुसली. आबा संध्याकाळपर्यंत दोनदाच खोकले.

अंक सहावा पाठवला नाही. त्याऐवजी सरलाकाकूंकडे गेले आणि सांगून आले, की श्यामसुंदरकाका सोडून अख्ख्या गल्लीने विजेची भट्टी बुक केली. काकूंनी विचारलं, कुणी सांगितलं तुला? आईने, म्हटलं.

आई आणि मी. दोन स्रोत झाले.