जोलीनच्या गोळ्या, माझी सुई

एल्म फोर्क, नेब्रास्का
रविवार, १८ फेब्रुवारी २०२४

चि. ग्रँट,

दवाखान्याच्या पाटीवर तू डॉक्टर कोलार असशील, या कागदावर मात्र चिरंजीवच आहेस. पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. तुझा व्हर्न काका ठणठणीत आहे. गराजमध्ये एका जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनाशी त्याचं भांडण चाललंय आणि सध्या तरी इंजिन जिंकतंय. मीही बरी आहे. म्हणजे गुडघे सोडून बाकीची बरी आहे.

फोन का नाही केला म्हणशील. फोन दवाखान्यातली तुझी टॅमी उचलते, आणि टॅमीला सांगितलेलं दुपारच्या आत शेतकऱ्यांच्या को-ऑपच्या काउंटरवर पोचतं. तुमच्या त्या संगणकावरच्या निरोपाच्या चौकटीत लिहायला बसले, तर चार ओळींत जागा संपली. मी चार ओळींत मावणारी बाई नाही, हे तुझ्या वजनकाट्यालाही ठाऊक आहे.

गुरुवारी शाळेच्या स्वयंपाकघरात आम्ही चिली, म्हणजे ते घेवडा-खिम्याचं कालवण, आणि दालचिनीचे रोल केले होते. तुझी एली रोल चिलीत बुडवून खाते, अगदी तुझ्यासारखी. दुसरा रोल मागायला आली तेव्हा मी म्हटलं, "बाबाला विचारलंस का?" तर म्हणते, "बाबाला कशाला, रोल तर तू करतेस ना!" दिला. वकिली करेल पोरगी.

आता गेल्या मंगळवारचं. मी तपासणीच्या खोलीत त्या कागद पसरलेल्या पलंगावर बसले होते, नर्स बाजूला उभी, आणि तू आत येऊन म्हणालास, "कशा आहात मिसेस ह्रुष्का?" मिसेस ह्रुष्का! तुझे दुधाचे दात माझ्या स्वयंपाकघरात पडलेत. आईच्या मैत्रिणीला नर्ससमोर मावशी म्हणायला संकोच वाटत असेल, समजू शकते. पण त्या एका शब्दानेच मला कळलं की आज नकार मिळणार.

आणि मिळाला. "अजून सहा महिने आहार आणि चालणं करून बघू."

"चालायला गुडघे लागतात रे," मी म्हटलं. "तो हाडांचा डॉक्टर म्हणतो, आधी वजन उतरव, मग ऑपरेशन. तू म्हणतोस, आधी चाल, मग वजन उतरेल. तुम्हा दोघांच्या मधे मी काय फुटबॉल आहे?"

नर्स हसली. तू नाही हसलास.

"ती वजन उतरवायची आठवड्याची सुई दे ना लिहून."

"ते औषध सगळ्यांसाठी नसतं."

"मला कुठे सगळ्यांसाठी हवंय? माझ्या एकटीसाठी दे."

मग तू सांगत बसलास. पोट बिघडतं, मळमळतं, आणि सोडलं की वजन परत येतं. सगळं खरं असेल. मला औषधातलं काही कळत नाही. पण व्हर्नची रक्तदाबाची गोळी बंद केली तर त्याचाही रक्तदाब परत येतोच की. ती लिहिताना तू त्याला कधी म्हणाला नाहीस, "व्हर्न, आधी सहा महिने मनाचा हिय्या करून बघ." माझ्या बाबतीतच ही परीक्षा का?

आणि प्रयत्नांचं म्हणशील, तर कोबीचं सूप पिऊन झालं. भुकटी घातलेली दुधं पिऊन झाली. पाव किलो उतरलं की सगळ्या बायका टाळ्या वाजवतात, अशा सभांनाही जाऊन आले. प्रत्येक वेळी वजन उतरलं आणि परत येताना चार पाहुणे घेऊन आलं. पोरांना मी रोज सांगते की ताटातलं टाकायचं नाही, आणि माझ्या ताटात काय आहे हे मात्र अख्खं गाव वाकून बघतं. आता मी जिना उलटी उतरते, रांगतं मूल उतरतं तशी. शाळेने परवा गोड बोलून सांगितलं, उभं राहणं जमत नसेल तर पुढच्या वर्षीपासून खिडकीत बसून मुलांची जेवणाची कार्डं तपासा. कोठीघरात जाऊन रडले. मला लाज वाटते ग्रँट, आणि ज्या गोष्टीला औषध आहे तिची लाज वाटावी याचा रागही येतो.

मुख्य म्हणजे तू माझं हृदय ऐकलंस ते. नाही म्हणून झाल्यावर तू नळी कानाला लावलीस आणि माझ्या छातीवर ठेवलीस. नाताळातच तू सांगितलं होतंस की हृदय एकदम झकास आहे. तरी ऐकत राहिलास, डोळे मिटून. नर्सने घड्याळाकडे बघितलं. मी मात्र तुझ्या तोंडाकडे बघत होते. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की तू माझं हृदय ऐकत नाहीयेस.

तरी मी गप्प बसले असते. पण परवा, उपासाच्या शुक्रवारी, चर्चच्या हॉलमध्ये मासे वाढत असताना तू फादरना म्हणालास, "आईला आमच्या इथल्या डॉक्टरने वजनाच्या त्या गोळ्या खिरापतीसारख्या दिल्या. तीन वर्षांत ती गेली. म्हणून मी असल्या औषधांना हात लावत नाही." मी पाठीमागेच उभी होते. हातातला कोबीच्या सॅलडचा डबा टेबलावर ठेवला आणि कोट घेऊन निघाले.

ग्रँट, तसं झालं नव्हतं.

तुझ्या आईने माझ्याकडून शब्द घेतला होता की तुझ्या बाबाला सांगायचं नाही आणि तुला तर कधीच नाही. मी तो पाळला आणि आज मोडतेय. जोलीन असती तर आधी माझ्यावर ओरडली असती, मग म्हणाली असती, बरं केलंस.

डॉक्टर पेल्झरने तिला एक गोळी दिली नाही. ती मागायला गेली होती, मी बाहेर बसले होते. दार पुरतं लागलेलं नव्हतं. तो म्हणाला, "जोलीन, सगळ्यात चांगला व्यायाम कोणता माहितेय? जेवता जेवता खुर्ची मागे सरकवायची आणि उठायचं!" तो हसला, नर्स हसली, आणि जोलीनही हसली. गाडीत येऊन बसेपर्यंत हसत होती. मग किल्ली हातात घेऊन नुसती बसून राहिली. गाडी शेवटी मीच चालवली.

पेल्झर वाईट माणूस नव्हता. माझी दोन्ही बाळंतपणं त्याने केली. त्याला फक्त एवढंच वाटायचं की जाड बाई म्हणजे आळशी बाई.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघी ओमाहाला गेलो. तेव्हा मी काडीसारखी होते, नुसती सोबतीला. चपलांच्या दुकानाशेजारी एक गाळा होता, बाहेर बायकांची रांग. आत पांढरा कोट घातलेला एक माणूस. त्याने तिची नाडीसुद्धा बघितली नाही. पुडी हातात दिली आणि म्हणाला, संपली की या. तुझी आई वर्षभर जात होती. वजन भराभर उतरलं. माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये तिने व्हर्नला पोल्का नाचवून नाचवून बेजार केलं. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती, हेही तुला कळायला हवं.

मग दम लागायला लागला. मी म्हटलं, "पेल्झरला दाखव." ती म्हणाली, "त्याला काय सांगू? चोरून गोळ्या घेतल्या म्हणून? तो पुन्हा हसेल." त्या गोळ्या हृदय बिघडवतात म्हणून बाजारातून काढून घेतल्या, पेपरात आलं, तरी गेली नाही. जवळजवळ वर्ष काढलं तिने, कपडे वाळत घालताना मधेच खांबाला टेकून उभी राहायची. पेल्झरने नळी लावली तोवर हृदयाची झडप पार गळत होती. तू तेव्हा नववीत होतास. पुढचं तुला माहीत आहे.

त्या गोळ्या वाईट होत्या, नाही म्हणत नाही. पण तिच्या डॉक्टरने तिला हसून बाहेर काढलं नसतं तर कुणीतरी दर महिन्याला तिचं हृदय ऐकलं असतं. इतकी वर्षं तू ज्याला दोष देत आलास, त्याने तिला नकार दिला होता. आणि गेल्या मंगळवारी तू मला तेच सांगितलंस, फक्त हसला नाहीस.

हे वाचून तुला किती लागेल याची मला कल्पना आहे. दोन दिवस कागद समोर ठेवून बसले होते. तू माझ्या पोटचा असतास तरी लिहिलं असतं.

आता शेवटचं, जे सांगायचं मी पहिल्या ओळीपासून टाळतेय. आमच्या स्वयंपाकघरात भांडी धुणारी ब्रँडी आहे ना, ती इंटरनेटवरून त्या सुईच्या औषधाच्या कसल्या बाटल्या मागवते. बाटलीवर धड नाव नाही, कुठून आली ते नाही. भुकटीत पाणी घालून घरीच सुई भरते. मंगळवारी मी रडवेल्या तोंडाने परतले तेव्हा तिने एक माझ्या पर्समध्ये टाकली. "घे गं मार्लिस, डॉक्टर काय देणार आपल्याला!" ती बाटली आमच्या फ्रिजमध्ये लोण्यामागे आहे. व्हर्नला माहीत नाही. काल सुई भरून हातात घेतली होती. मग मनात आलं, काही झालं तर फोन कुणाला करायचा? तुला करू शकले नसते. ठेवून दिली, आणि स्वयंपाकघरातच खुर्चीत बसून राहिले. किल्ली हातात घेऊन बसलेली जोलीन मला त्या क्षणी जशी समजली, तशी तेव्हा समजली नव्हती.

ती बाटली मी वापरणार नाही. मंगळवारी शाळा सुटली की तुझ्या टेबलावर आणून ठेवते. टॅमीला सांग, पाचची वेळ माझी.

त्या दिवशी मला नीट तपास. रक्त काढ, आमच्या घराण्यात कुणाला काय झालं ते विचार, ज्या औषधाबद्दल बोलतोस त्याचं काय वाचायचं ते वाच. माझ्या शरीरात नाही म्हणण्यासारखं काही सापडलं तर समोर बसवून सांग, मी मुकाट्याने ऐकेन. पण ते माझ्या शरीरातलं असू दे. जोलीनचं दुखणं माझ्या नावावर लिहू नकोस. तू नाहीच म्हणालास तर लिंकनला एक बाई डॉक्टर आहे, तिच्याकडे जाईन. तुला सांगून जाईन, चोरून नाही.

पण मला लिंकनची बाई नकोय. माझं हृदय डोळे मिटून ऐकणारा डॉक्टर मला दुसरीकडे कुठे मिळणार? तुला भीती वाटते ना, वाटू दे. दर महिन्याला बोलाव, दोनदा ऐक, टॅमीकरवी फोन करून छळ. घाबरत घाबरतच लिही, पण मला तुझ्या नजरेसमोर ठेव. तिला कुणी ठेवलं नाही.

एलीला पापा. घरी सगळ्यांना व्हर्नचा आणि माझा नमस्कार. मावशी म्हणून जे सांगायचं ते इथे संपलं. मंगळवारी दारातून आत येईन ती,

तुझी पेशंट,
मार्लिस ह्रुष्का