आंब्याला बांधलेली साखळी

रविवार, दिवेलागण झाल्यावर

एकलहऱ्याच्या बाजूचं रो-हाऊस बघून आलो. संदीपची ड्यूटी तिथून पाच मिनिटांवर, मिनूला खेळायला अंगण. इथल्या दोन खोल्यांत तिचा जीव घुसमटतो, हे मलाही कळतं. पण मागच्या आंब्याला कुत्र्याची साखळी होती. पट्टा तसाच, बक्कल लावलेलं, कुत्रं तेवढं नव्हतं. मालक म्हणाले, "गावाला दिलं." मग पट्टा न सोडता कसं दिलं?

कुंपणापलीकडे ऊस. शेजारच्या काकू मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून वाळलेले कपडे काढायला आल्या. संदीप हसला, "काकू हौशी दिसतात!" काकू हसल्या नाहीत. "अंधारायला लागलं की आवाज करतच फिरायचं, ताई. उसात बिबट्या हाय."

मिनू तेव्हा त्या साखळीशीच खेळत होती. धावत जाऊन उचललं तिला.

संदीप म्हणतो, "ऊस तुटला की जातो गं तो निघून." जातही असेल. मीच घाबरट आहे का? पण बक्कल लावलेलं होतं, माझ्या डोळ्यांनी बघितलं.

आणि निघताना, गेटपासून गाडीपर्यंतच्या वीस पावलांसाठी, संदीपनेच खिशातून मोबाईल काढून गाणं लावलं. आवाज पूर्ण मोठा.