खिळे मारलेली खिडकी

नागाव, मंगळवार, संध्याकाळ

सुनंदाला क्षय नाही. छातीला सूज आहे ती चुलीच्या धुराने, असं डॉक्टरीणबाईंनी आज एक्स-रे पाहून सांगितलं. हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"स्वयंपाकघराला खिडकी आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे की. ह्यांनी खिळे मारून बंद केलीय," सुनंदा म्हणाली आणि खोकता खोकता हसली. "पेपरात मात्र उघडी असते हो."

रविवारीच माझा लेख आलाय. घरात हवा खेळती ठेवा, धूर कोंडू देऊ नका. वेळेत दिला, पेपरने दिलेल्या जागेत बसवला. लिहिताना ती पलीकडे खोकत होती. मला ऐकू येत नव्हतं का? येत होतं. मी दार लोटून घेतलं.

ती खिडकी भाड्याने राहणाऱ्या पाहुण्यांच्या खोल्यांकडे उघडते. फाटकावर आमची पाटी आहे, 'चुलीवरचं घरगुती जेवण'. लोकांना भाकरी चुलीवरची हवी, धूर मात्र नको. एकाने तक्रार केली आणि मी हातोडी घेतली. जी चुलीपुढे बसते तिला विचारलंसुद्धा नाही.

मघाशी खिळे उपटले. शेवटचा निघेना, तेव्हा पकड तिनेच आणून दिली.

आता काही दिवस चूल बंद, स्वयंपाक गॅसवर. उद्या पाटी उतरवायची. शनिवारी पाहुणे येतील, चुलीवरची भाकरी मागतील. "उत्तर तुम्ही द्यायचं," सुनंदाने बजावलंय. "दार लोटून बसायचं नाही."